चाकांच्या घराचं सांडपाणी

फाल्गुन लागला की मी खाली बघत चालायला लागते. बाकीची माणसं वर बघतात. पळस फुलला का, निंबाची पानं झडली का, आंब्याला मोहोर किती आलाय. माझी नजर मात्र जमिनीवर. जळगावात आमच्या कॉलनीच्या मागे एक काळं शेत अजून शिल्लक आहे. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की ते उघडं पडतं आणि त्यात पहिली भेग दिसते. सुरुवातीला केसाएवढी, होळीपर्यंत बोट जाईल एवढी. आखाजीपर्यंत, म्हणजे बाकी महाराष्ट्राच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिच्यात कोपरापर्यंत हात जातो. रोज सकाळी फिरायला जाते तेव्हा मी त्या शेताच्या बांधावर थांबते आणि भेगा बघते. सोबतच्या बायकांना वाटतं, हिचे गुडघे दुखत असणार. दुखतातही, पण थांबते ती भेगांसाठी.

या वर्षी भेगा दिसायला लागल्या त्याच आठवड्यात माझा नातू आणि नातसून एक अजब गाडी घेऊन दारात आले. पुण्याहून भाड्याने आणलेली. बाहेरून मालवाहू गाडीसारखी, आत घर. दोघं तोरणमाळला चालली होती, वाटेत आजीला गाडी दाखवायला थांबली. नातसून अनघाने हात धरून मला पायरीवरून वर चढवलं. आत बिछाना, कपाट, गॅस, हात धुवायचं भांडं, उभ्याने आंघोळ करता येईल एवढी काचेची खोली. ती एकेक दार उघडून दाखवत होती आणि मी भलतंच शोधत होते.

“वापरलेलं पाणी कुठं जातं गं?” मी विचारलं.

“खाली टाकी आहे आजी. ग्रे वॉटरची. भांड्याचं, आंघोळीचं सगळं तिच्यात. संडासाची टाकी वेगळी.”

“आणि ती भरली की?”

नातू म्हणाला, “बटण आहे. रस्त्याच्या कडेला एखादा चर बघायचा, नळी सोडायची, झालं. कुणाला काही दिसतसुद्धा नाही.”

“कडेला नाही सोडायचं!” मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या. अनघा दचकली. मग दोघंही हसायला लागली. आजीचा आवाज एवढा चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. मला हसू येईना. ‘दिसतसुद्धा नाही’ हे शब्द मला पाठ होते. चाकांच्या घरात मीही कित्येक उन्हाळे काढले आहेत. त्या घराला टाकी नव्हती, बटण नव्हतं, मोरीही नव्हती. आणि त्यातलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून मी जो उद्योग केला होता, तो आठवला की अजून कानाची पाळी गरम होते.

माझे यजमान रस्त्याच्या खात्यात, खडी दाबणाऱ्या रुळावर ड्रायव्हर होते. त्यांना मी जन्मभर ‘हे’च म्हणत आले, इथेही तेच म्हणते. साठचं दशक सरत आलं होतं. रूळ वाफेचा, दोन बैलगाड्यांएवढा लांब, पुढे एक मोठं लोखंडी चाक आणि मागे दोन त्याहून मोठी. रस्त्याचं काम जिथं असेल तिथं रूळ मुक्कामाला. रोज धुळ्याला परतायचं म्हटलं तर सकाळी निघालेला रूळ संध्याकाळी पोचायचा. म्हणून रुळामागे एक पत्र्याची खोली जोडलेली असायची. चार लोखंडी चाकं, दोन खिडक्या, तीन पायऱ्या, आत फळ्यांची दोन बाकं. ड्रायव्हर आणि खलाशी, म्हणजे त्याचा मदतनीस, तिच्यात राहायचे. खेड्यातली माणसं तिला ‘चाकनं घर’ म्हणायची.

या घरात बाईमाणूस नसायचं. रुळावरच्या माणसाची बायको सासरी राहायची आणि नवरा सणाला, नाहीतर पावसाळ्यात काम बंद झालं की भेटायचा. आमचं लग्न मार्गशीर्षात झालं. अमळनेरच्या मास्तरांची मुलगी मी, एकोणीस वर्षांची. लग्नानंतर हे अकरा दिवस धुळ्याला घरी होते, बाराव्या दिवशी गेले. संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली. सासूबाई वाईट नव्हत्या, पण घरात दोन जावा, त्यांची पोरं, आणि माझ्या वाट्याला स्वयंपाकघराचा एक कोपरा. नवरा म्हणजे दांडीवर वाळणारा एक शर्ट. एके दिवशी तो शर्ट घडी करताना मला रडू कोसळलं आणि मी सासूबाईंना सरळ सांगितलं की मला त्यांच्याकडे जायचं आहे. मोठ्या जावेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण सासूबाई म्हणाल्या, “जाय. पन तठून कोनी परत धाडं ना, ते पुन्हा जावानं नाव काढू नको.”

एवढीच अट. पण माझ्यासाठी तिच्यात सगळं आलं. कुणी परत पाठवलं तर पुढची सगळी वर्षं दांडीवरचा शर्ट.

मी गाडीत राहायला आले आणि परत पाठवू शकणारा माणूस पहिल्याच आठवड्यात सायकलवरून आला. ओव्हरसीअर साहेब. वाळकुडे, डोक्याला टोपी, कॅरिअरला काळी छत्री बांधलेली, आणि हातात एक सळई. ती सळई ते जाता येता रस्त्यात खुपसून बघायचे. त्यांनी मला पायरीवर भाकरी थापताना पाहिलं आणि सायकल निंबाला टेकवली.

“ड्रायव्हर, हे नियमात बसत नाही.”

हे मान खाली घालून उभे. मी पदर सावरून आत गेले आणि खिडकीच्या फटीतून बघत राहिले. साहेबांनी सळईने जमिनीवर दोन-चार रेघा ओढल्या आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मी बाईंना पाहिलेलं नाही. पण मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. गाडीच्या आसपास चिखल, खरकटं, पाण्याचा ओघळ, काहीही दिसता कामा नये. दिसलं की बाई धुळ्याला.”

सायकल गेली. हे आत येऊन एवढंच म्हणाले, “ऐकलंस ना?”

ऐकलं होतं. माझ्या मनावर ते एकच वाक्य कोरलं गेलं. दिसता कामा नये.

आता बिनमोरीच्या घरात संसार करायचा म्हणजे काय, ते ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. माहेरी आमच्या मोरीत तांब्याचं घंगाळ होतं, कोपऱ्यात भोक होतं, आणि त्या भोकातून गेलेलं पाणी पुढे कुठं जातं हा प्रश्न मला एकोणीस वर्षांत पडला नव्हता. इथं आल्यावर कळलं की पाणी आणणं सोपं आहे. कामावर पाणी लागायचंच. खडी पसरून दाबायची, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, पुन्हा रूळ फिरवायचा, हे सगळं पाण्याशिवाय होत नाही. रूळ स्वतःही पोटभर पाणी प्यायचा. नाल्यातल्या डोहावरून बैलगाडीतून पिंपं यायची आणि त्यातल्या चार घागरी मला मिळायच्या. आलेलं पाणी पिंपात निवांत बसायचं. वापरलेलं पाणी मात्र हात धुवून मागे लागायचं.

तांदूळ धुतल्याचं पाणी पांढरं. डाळीचं पिवळट, त्यावर टरफलं तरंगणारी. भांडी राखेने घासायची, त्याचं पाणी राखाडी. आंघोळीला गाडीच्या मागे चार बांबू रोवून गोणपाट बांधलं होतं, मध्ये एक सपाट दगड. त्या दगडावरून साबणाचा फेस वाहत यायचा. आणि यांचे कपडे! दिवसभर कोळशाच्या धगीत उभ्या माणसाचा सदरा पाण्यात बुडवला की बादली शाईची दौत व्हायची. अनघाच्या गाडीत हे सगळं एका टाकीत जातं आणि एका नावाने ओळखलं जातं. माझ्याकडे प्रत्येकाचा रंग वेगळा होता, वास वेगळा होता, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर बसणाऱ्या माशाही वेगळ्या.

पहिले काही दिवस मी बादली घेऊन लांब नाल्यापर्यंत जायची. पण नाला म्हणजे रस्त्यावरच्या मजुरांच्या गँगची पिण्याच्या पाण्याची जागा, तिथे कसं ओतणार? शेतात टाकावं तर शेत दुसऱ्याचं. उघड्यावर टाकलं की ओल दिसते, ओलीवर माशा, माशा आल्या की मोठे साहेब, मोठे साहेब आले की धुळे. आणि मग एका दुपारी मला भेग सापडली.

गाडी आणि रस्ता यांच्या मधे, भरावाच्या पायथ्याशी ती होती. रस्ता तिथं कमरेएवढ्या भरावावर चढवलेला. खाली सगळी काळी जमीन. भेग हातभर लांब, चार बोटं रुंद, आणि खोली कळत नव्हती. मी सहज तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्यात टाकलं. गायब. मग अर्धी बादली. तीही गायब. खाली कुठंतरी गुडगुड आवाज झाला, पोट भरलेल्या बाळाला ढेकर यावा तसा. माझा जीव भांड्यात पडला. काठसुद्धा ओला राहिला नव्हता.

त्या दिवसापासून माझं सगळं पाणी त्या भेगेत. सकाळी आंघोळीचं, दुपारी भांड्यांचं, उन्हं कलल्यावर कपड्यांचं. पाच-सहा बादल्या रोज. गाडीच्या आसपास अशी कोरडी ठणठणीत जमीन की झाडून वर सडा घालावा. ओव्हरसीअर साहेब आठवड्यातून दोनदा यायचे, सगळीकडे नजर फिरवायचे आणि काही न बोलता जायचे. मला वाटायचं, काय हुशार मुलगी आहे मी!

तो उन्हाळा सुखाचा होता हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहाटे हे उठून रुळाची भट्टी पेटवायचे. वाफ धरायला दोन तास लागायचे. तेवढ्या वेळात मी चहा करायची आणि आम्ही दोघं पायरीवर बसायचो, समोर तांबडं फुटत असायचं. खलाशी आबांनी आपला मुक्काम समजून उमजून गँगच्या पालात हलवला होता. दुपारी रस्त्यावरून एसटी गेली की धुळीचा लोट उठायचा आणि मी भाकरीवर ताट झाकायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा ठेचा, एखाद दिवशी उडदाची डाळ. संध्याकाळी रूळ थांबला की अचानक एवढी शांतता पसरायची की लांबच्या गावातल्या बैलांच्या घंटा ऐकू याव्यात. हे हात धुवून यायचे, मी बादली पुढे करायची. तोंड धुताना त्यांच्या हनुवटीवरून काळं पाणी निथळायचं आणि खालून माझा नवरा निघायचा.

आखाजीला माहेराहून बोलावणं आलं. नव्या नवरीची पहिली आखाजी, झोके, गाणी, मैत्रिणी. भाऊ न्यायला येतो म्हणाला. मी नको म्हणून कळवलं. एकदा इथून हलले तर परत यायला कुणी देणार नाही, ही भीती. गँगमधल्या देवकाअक्काने तेव्हा निंबाला दोर बांधून मला झोका करून दिला. अक्का पारोळ्याकडची, पन्नाशीची, खडीच्या पाट्या उचलून खांदे पुरुषासारखे झालेले. तिनेच मला पहिल्यांदा भेगेपाशी पकडलं.

“माय वं, पोरी, रोज आठेच वतस का तू?”

“हो अक्का. बघा ना, थेंब राहत नाही.”

अक्का उकिडवी बसली. भेगेत बघितलं. “पेस ते माले बी दिखस. पन जास कोठे?”

भेग पाणी पिते हे तिलाही दिसत होतं; ते जातं कुठं, एवढंच तिला विचारायचं होतं. मी हसून वेळ मारून नेली. अक्कानेही पुढे विचारलं नाही, पाटी उचलून गेली. त्यानंतरचे आठ दिवस बादली ओतताना मला तिचा प्रश्न आठवायचा आणि मी घाईघाईने वळायची. कुठं जातं याचा विचार करायला गेलं तर दुसरी जागा शोधावी लागली असती. मला मनातून कळलं होतं असं आज वाटतं. माणसाला आधी कळतं आणि मग बऱ्याच दिवसांनी तो ते मान्य करतो.

मोठे साहेब यायच्या आदल्या दिवशी, सकाळी, रस्त्याच्या कडेवरून शेवटचा रूळ फिरत होता. मी पीठ मळत होते. रुळाच्या धडधडीची सवय झालेली असते. ती चालू असताना ऐकू येत नाही, थांबली की ऐकू येते. ती थांबली. मग कुणीतरी ओरडलं. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले तर रूळ एका अंगाला कलला होता. आमच्या गाडीच्या बाजूचं मागचं चाक रस्त्याच्या कडेत अर्ध्याहून जास्त रुतलं होतं आणि भरावाचा एक लचका सुटून खाली भेगेपर्यंत आला होता. हे वरच होते. उडी मारली नाही. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने त्यांनी वाफ सोडून दिली. पांढऱ्या वाफेत ते दिसेनासे झाले. किती वेळ ते मला माहीत नाही. वाफ विरली तेव्हा ते शांतपणे खाली उतरत होते, आणि मी दोन्ही हातांचं पीठ कपाळाला फासून उभी होते.

कुणाला लागलं नाही. एवढं देवाने केलं.

दुपारी ओव्हरसीअर साहेब आले. सायकल आडवी टाकली, निंबाला टेकवलीसुद्धा नाही. गँगने खचलेली कड उकरली. वरचा मुरूम कोरडा, त्याखालची खडी कोरडी, आणि त्याखाली काळ्या मातीचा गिलावा, शिरा ढवळावा तसा. साहेबांनी सळई खुपसली, ती आपल्या वजनाने खाली गेली. ते वाकले, चिमूटभर चिखल घेतला आणि मूठ बंद केली.

“पाणी कुठून आलं?”

हे पुढे झाले. “रुळाची टाकी गळत होती साहेब. आठ-पंधरा दिवस. माझ्या ध्यानात आलं होतं, मी केली नाही.”

टाकी गळत नव्हती. टाकीला ते लेकरासारखं जपायचे. मी गाडीच्या पायरीवर होते, पदर दातात धरलेला. साहेबांनी खिशातून वही काढली. हलगर्जीपणा असं एकदा वहीत पडलं की तो डाग जन्मभर पुसत नाही, हे मलाही ठाऊक होतं. आणि मी बोलले तर? तर बाई धुळ्याला. पुन्हा यायचं नाव काढायचं नाही. शिवाय नवरा चार माणसांत एक सांगतो आणि बायको उठून दुसरं सांगते, असं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं.

मला पायऱ्या उतरल्याचं आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो, कारण तो मला दुसऱ्या कुणाचा वाटला होता.

“टाकी गळत नव्हती. पाणी माझं आहे.”

सगळी गँग माझ्याकडे बघायला लागली. यांनी बघितलं नाही. साहेबांनी वही मिटली, दुसऱ्या हाताची मूठ उघडली आणि तळवा यांच्यासमोर धरला. चिखलात मुगाची हिरवी टरफलं होती, पाच-सात.

“मला वाटलंच,” ते म्हणाले. “रुळाच्या टाकीत मूग कोण धुणार?”

गँगमधून कुणीतरी फसकन हसलं. साहेब भेगेपाशी गेले. मी कुठून ओतायची, किती ओतायची, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, शाईसारखं पाणीसुद्धा. बोलता बोलता रडू लागले. साहेब म्हणाले, “आता का रडता? का टाकलं तिथं?”

“तुम्ही म्हणालात, दिसता कामा नये.”

साहेबांनी सळई त्या भेगेत सोडून बघितली. मला वाटलं आता म्हणतील, उद्याच्या एसटीने बाईंना बसवा. त्यांनी छत्री उघडली, मिटली. “म्हणालो होतो खरा,” ते म्हणाले. मग यांच्याकडे वळून, “वीस हात रस्ता उकरा. खालपर्यंत वाळवा आणि नव्याने भरा. मोठ्या साहेबांना मी सांगेन, काय सांगायचं ते.” आणि सायकल उचलताना, माझ्याकडे न बघता, “बाई, उद्यापासून पाणी कुठं टाकता ते मला दिसलं पाहिजे.”

म्हणजे मी राहणार होते. हे समजायला मला क्षणभर लागलं. सायकल वळणाआड गेली तरी मी तिथंच उभी.

अक्का आली, खांद्यावर हात ठेवला. “काळी माटीना पोटमा बठ्ठं ऱ्हास, पोरी,” ती म्हणाली. काळ्या मातीच्या पोटात सगळं तसंच राहतं, म्हणे. मग मला हाताला धरून गाडीभोवती फिरवलं आणि जागा दाखवल्या. निंबाच्या मुळाशी, मुरमाच्या ढिगाच्या पलीकडे, पडीक पट्टीवर. “थोडं थोडं वत. आज आठे, सकाय तठे. जमीनले सुकाले येळ दे.” आज इथं, उद्या तिथं. खरकटं आधी फडक्यातून गाळायचं, टरफलं बैलांना. साबणाचं पाणी झाडाला नाही, उघड्या मुरमावर पसरून. तांदळाचं झाडाला. एवढीच ती विद्या. नातू सांगत होता, या सगळ्याची माहिती आता पुस्तिकेत छापून मिळते.

राहायला मिळालं खरं, पण हे माझ्याशी बोलेनात. चार दिवस. रस्ता उकरायला मीही पाटी उचलली, माझ्या हातांना फोड आले, ते त्यांनी पाहिले आणि खोबरेल तेलाची बाटली माझ्याजवळ ठेवली, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं तेव्हा काय ते तेवढं बोलले. म्हणाले, “मला लोकांत खोटं पाडलंस.” मी म्हणाले, “तुम्ही खोटं बोललात म्हणून.” ते म्हणाले, “कुणासाठी?” मी खरं बोलले याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्यांनी एवढं मोठं काहीतरी माझ्यासाठी पुढे केलं होतं आणि मी ते चार माणसांत जमिनीवर पाडलं, हेही खोटं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी गोणपाटाबाहेर आले, तर बादली जागेवर नव्हती. हे ती घेऊन चालले होते. माझ्या आंघोळीच्या पाण्याची बादली, भर सकाळी, सगळ्या गँगसमोरून. त्या काळी पुरुषाने असं करणं म्हणजे काय, ते मी काय सांगू. खडीवर बसलेल्यांनी हात थांबवले.

“ड्रायव्हरभाऊ, आज हाई काम तुमनाकडे शे का?” एकाने विचारलं आणि बाकीचे खो-खो हसले.

हे थांबले. मागे वळून म्हणाले, “मन्हंच पाणी शे, भो.” पाणी आपलंच म्हणून सांगितलं, आणि मुरमावर ते पसरून रिकामी बादली माझ्या हातात आणून दिली. त्यांचे कान लाल झाले होते. माझेही.

ज्येष्ठात आभाळ भरून आलं, काम बंद झालं आणि रूळ धुळ्याला निघाला, मागे आमचं घर. त्यानंतर आठ उन्हाळे मी त्या गाडीत काढले, मुलगा शाळेत जायला लागेपर्यंत. धरणगाव, चोपडा, शिरपूर, साक्री. प्रत्येक मुक्कामाला चूल मांडण्याआधी मी भोवती एक फेरी मारायची आणि पाण्याच्या जागा ठरवायची. सासूबाई एकदा राहायला आल्या, चार दिवस बघत राहिल्या. जाताना जावेला म्हणे सांगितलं, तिनं तठे बरं शे, म्हणजे तिचं तिकडे बरं चाललंय.

हे सगळं मी नातवाला आणि अनघाला अंगणात बसून सांगितलं. दोघं हसली. अनघाने विचारलं, “मग आम्ही टाकी कुठं रिकामी करायची?” मी म्हटलं, “जिथं मुक्काम कराल तिथल्या माणसाला आधी विचारा. तो दाखवेल तिथं, थोडं थोडं. आणि उभं राहून बघा कुठं जातंय ते.” परवा तिचा फोन आला होता. तोरणमाळला एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना बांधावरची जागा दाखवली म्हणाली. बाबांशी दोघांची गट्टीही झाली होती.

त्यांना एक गोष्ट मात्र सांगितली नाही.

चार वर्षांपूर्वी, फाल्गुनातच, यांनी अंथरूण धरलं. उठता येत नव्हतं. मी रोज सकाळी कोमट पाण्याने त्यांचं अंग पुसायची. पाणी न्हाणीघरात ओतायची, ते दोन पावलांवर. एक दिवस पाणी ओतून आले तर ते दाराकडे बघत होते. बोलणं फार कमी झालं होतं. सावकाश म्हणाले, “कुठं टाकतेस?”

“न्हाणीत.”

“मला दिसलं पाहिजे.”

मी आधी हसले आणि मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले. दुपारी शेजारच्या मुलांना बोलावून त्यांची खाट खिडकीपाशी सरकवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून अंग पुसलेलं पाणी मी अंगणात न्यायला लागले. माझे गुडघे दुखायचे, पायरी उतरताना घंगाळ डुचमळायचं, पण नेत होते. एक दिवस कढीपत्त्याला, एक दिवस लिंबाला, एक दिवस भिंतीकडच्या मोकळ्या मातीवर. रोज वेगळी जागा, मधे सुकायला वेळ देऊन. ओतलं की मी खिडकीकडे बघायची आणि ते पापण्या मिटून उघडायचे.

ते गेले त्या सकाळी जास्वंदीची पाळी होती. मी पाणी घातलं, मातीने ते घेतलं, आणि मी वर पाहिलं. त्यांनी उशीवरून मान थोडी हलवली. दिसलं, म्हणून.